प्रश्नात नसलेले, मनात असलेले

मे १९८२मध्ये अमेरिकेतील सुमारे ३ लाख विद्यार्थी महाविद्यालयीन प्रवेशासाठीची ‘सॅट’ परीक्षा देत होते. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत एक आकृती होती. एक मोठे वर्तुळ आणि त्याला बाहेरून स्पर्श करणारे एक छोटे वर्तुळ. छोट्याची त्रिज्या मोठ्याच्या एकतृतीयांश. छोटे वर्तुळ मोठ्याच्या कडेकडेने गडगडत पूर्ण फेरी मारून मूळ जागी परत आले, तर ते एकूण किती वेळा फिरेल, असा प्रश्न होता. पर्याय पाच होते : दीड, तीन, सहा, साडेचार आणि नऊ.

मोठ्या वर्तुळाचा परीघ छोट्याच्या तिप्पट, म्हणून उत्तर तीन, हा सरळ हिशेब. प्रश्न काढणाऱ्या तज्ज्ञांनाही हेच उत्तर अपेक्षित होते. प्रत्यक्षात ते चार आहे, आणि चार हा पर्याय दिलेलाच नव्हता. तीन विद्यार्थ्यांनी ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पत्रे लिहून ही बाब दाखवून दिली. संस्थेने चूक मान्य केली, तो प्रश्न गुणमोजणीतून वगळला आणि गुण नव्याने काढले.

याचा ताळा घरबसल्या पाहता येतो. एकाच आकाराची दोन नाणी टेबलावर एकमेकांना टेकवून ठेवावीत. एक बोटाने दाबून स्थिर धरावे आणि दुसरे न घसरता त्याच्या कडेने फिरवावे. दोन्ही नाण्यांचे परीघ सारखे, तेव्हा फिरणारे नाणे एकदाच फिरेल असे वाटते. प्रत्यक्षात निम्म्या वाटेतच नाण्यावरचे सिंह पुन्हा सरळ उभे दिसतात, आणि मूळ जागी पोहोचेपर्यंत नाणे दोनदा फिरलेले असते. कारण असे, की गडगडणारे वर्तुळ किती फिरले हे त्याच्या केंद्राने किती अंतर कापले यावरून ठरते. सॅटमधील छोट्या वर्तुळाची त्रिज्या १ मानली तर मोठ्याची ३. छोट्याचे केंद्र ज्या वर्तुळावरून जाते त्याची त्रिज्या ३ अधिक १, म्हणजे ४. म्हणून फेऱ्या चार. सपाट जमिनीवर तेवढेच अंतर गडगडले असते तर तीनच झाल्या असत्या. वाटच स्वतः एक वळसा घेते आणि तो वळसा हिशेबात भर घालतो.

‘वाकडी वाट आणि सरळ वाट सारखीच’ हे वाक्य त्या प्रश्नात कुठेही लिहिलेले नव्हते. ते प्रश्न काढणाऱ्यांच्या मनात होते, तपासणाऱ्यांच्या मनात होते आणि सोडवणाऱ्या बहुसंख्यांच्याही मनात असणार. मनात असल्यामुळेच ते कोणाला दिसले नाही.

त्याच संस्थेवर असा प्रसंग दीड वर्ष आधीही आला होता. सॅटच्या पूर्वतयारीसाठी घेतल्या जाणाऱ्या पीसॅट परीक्षेत ऑक्टोबर १९८०मध्ये दोन पिरॅमिडांचा प्रश्न होता. एका पिरॅमिडाला चार पृष्ठे, सगळी समभुज त्रिकोणांची. दुसऱ्याचा तळ चौरस आणि बाजूची चार पृष्ठे पहिल्याइतक्याच समभुज त्रिकोणांची. एकाचा त्रिकोण दुसऱ्याच्या त्रिकोणाला तंतोतंत चिकटवला, तर तयार होणाऱ्या घनाकृतीला किती पृष्ठे राहतील? चार आणि पाच मिळून नऊ, चिकटलेली दोन झाकली गेली, उरली सात. संस्थेचे उत्तर सात होते. फ्लोरिडातील एका विद्यार्थ्याने पाच लिहिले आणि ते चूक ठरवण्यात आले. तो मागे हटला नाही. पाच हेच बरोबर असल्याचे १९८१मध्ये संस्थेला मान्य करावे लागले.

पाच कसे, हे कागदावर न मोजताही कळते. चौरस तळाचे दोन पिरॅमिड शेजारी शेजारी, तळाची एक कड जुळवून ठेवले आहेत असे समजावे. दोघांच्या शिखरांमधील अंतर तळाच्या कडेइतकेच असते. म्हणून त्या दोघांमध्ये जी फट राहते ती नेमकी चार समभुज त्रिकोणांच्या पिरॅमिडाची असते. दोन्ही पिरॅमिडांचे दर्शनी त्रिकोण एकाच पातळीत आहेत, तेव्हा मधल्या फटीचा दर्शनी त्रिकोणही त्याच पातळीत येतो. मागच्या बाजूलाही तसेच. थोडक्यात, चिकटवल्यावर दोन ठिकाणी शेजारचे दोन-दोन त्रिकोण मिळून एकेक सपाट पृष्ठ होते, आणि सातातील दोन कमी होतात. ‘झाकली गेलेली वगळता बाकीची पृष्ठे होती तशीच राहतील’ हे येथले न लिहिलेले वाक्य.

सवय लागते कोठून?

स्पर्धा परीक्षांच्या गणितात हुशार विद्यार्थी चुकतो तो बहुधा सूत्र न आठवल्यामुळे नव्हे. या परीक्षांना लागणारे गणित दहावीपर्यंतच्या गणितापलीकडे फारसे जात नाही. तो चुकतो, कारण प्रश्नात नसलेली एखादी गोष्ट तो स्वतःच्या पदरची घालतो आणि मग बदललेला प्रश्न अगदी अचूक सोडवतो. उत्तरपत्रिकेत आकडेमोड निर्दोष असते, पण ती दुसऱ्याच गणिताची असते. म्हणूनच परीक्षेनंतर ‘येत होते, घाईत चुकले’ अशी समजूत घातली जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. घाई नसतानाही हीच चूक होते, याचे पुरावे आहेत.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणित-अध्यापन संशोधकांनी १९८०च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना एक गणित घातले : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही क्रिया करून वय काढून दाखवले. (कप्तानाच्या वयाची ही थट्टा तशी जुनी. कादंबरीकार फ्लोबेर याने १८४१मध्ये आपल्या बहिणीला पत्रातून असेच एक गणित घातले होते.) या मुलांना निर्बुद्ध म्हणणे अन्यायाचे होईल. शाळेत त्यांनी एक नियम बिनचूक टिपलेला होता : गणित घातले आहे म्हणजे त्याला उत्तर आहे, आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते.

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय चाचणीतील एक प्रश्नही प्रसिद्ध आहे. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचे आहे, तर बसगाड्या किती लागतील? तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ असे उत्तर दिले आणि १८ टक्क्यांनी नुसते ३१, म्हणजे १२ सैनिक रस्त्यावरच राहिले. ३२ हे योग्य उत्तर देणारे २३ टक्के. ज्यांचा भागाकार चुकला नाही, त्यांचा प्रश्न चुकला.

आपल्याकडची पाठ्यपुस्तकेही या सवयीला खतपाणी घालतात. चक्रवाढ व्याजाच्या प्रकरणाखालील उदाहरण चक्रवाढ व्याजानेच सुटते, त्यात लागतील तेवढेच आकडे दिलेले असतात आणि उत्तर बहुतेकदा पूर्ण संख्येत येते. दहा वर्षे अशी उदाहरणे सोडवल्यावर ‘संख्या’ म्हटले की धन पूर्णांक, ‘त्रिकोण’ म्हटले की बऱ्यापैकी देखणा त्रिकोण, आणि ५ व १२ हे आकडे दिसले की १३ डोळ्यांपुढे उभा राहतो. त्रिकोणाच्या दोन बाजू ५ आणि १२ आहेत एवढेच सांगितले असेल, तर तिसरी बाजू ७ पेक्षा मोठी आणि १७ पेक्षा लहान कितीही असू शकते. १३ येण्यासाठी काटकोन हवा आणि काटकोनाची वार्ता प्रश्नात नसते. स्पर्धा परीक्षा घेणाऱ्यांना विद्यार्थ्यांची ही घडण चांगली ठाऊक असते. १३ हा पर्याय ते आवर्जून ठेवतात.

क्ष म्हणजे कोण?

सर्वात जास्त गुण जातात ते अक्षराने दर्शवलेल्या संख्येविषयी. क्ष चा वर्ग क्ष च्या तिपटीएवढा आहे, तर क्ष किती? दोन्ही बाजूंना क्ष ने भागून तीन हे उत्तर झटकन येते. भागताना क्ष शून्य नाही हे मनातल्या मनात ठरवून टाकलेले असते, आणि शून्य हे दुसरे उत्तर हरवते. क्ष आणि क्ष चा वर्ग यांत मोठे कोण, या प्रश्नाला बहुतेक जण वर्ग असे उत्तर देतील. क्ष दोन असेल तर ते खरे. क्ष एक असेल तर दोन्ही समान. क्ष अर्धा असेल तर वर्ग पाव होतो, म्हणजे क्ष मोठा. जीआरई परीक्षेत दोन राशींची तुलना करायला सांगणारे प्रश्न असतात आणि ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ हा त्यांचा चौथा, कायमचा पर्याय असतो. त्या प्रश्नप्रकाराचा सारा भर अशाच ठिकाणी आहे.

दोन वेगळी अक्षरे म्हणजे दोन वेगळ्या संख्या, हाही असाच एक समज. क्ष आणि य समान असू शकतात. ते असू नयेत असे परीक्षकाला वाटत असेल तर तो तसे लिहितो. मूळ संख्या विषम असतात, हे विधान २ या एकमेव संख्येपाशी मोडते. दुकानदाराने किंमत २० टक्के वाढवली आणि नंतर २० टक्के उतरवली तर १००चे ९६ होतात, कारण दुसरे वीस टक्के १२०चे आहेत. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर वेगाने तोच रस्ता कापला तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८. दोन्ही वेळा लागलेला वेळ सारखा नाही. ही उदाहरणे प्रत्येक शिकवणीवर्गात सांगितली जातात, म्हणून त्यांवर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. मात्र झाडांचे जुने उदाहरण सॅटच्या वर्तुळाशी नाते सांगणारे आहे. १०० मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोके धरून, दर १० मीटरवर झाड लावले तर झाडे ११ लागतात. १०० मीटर परिघाच्या गोल बागेभोवती लावली तर १०. वाट सरळ आहे की स्वतःला येऊन मिळते, हे येथेही आधी पाहावे लागते.

भास्कराचार्यांची माकडे

गृहीत धरलेली गोष्ट उघडपणे मांडून मग तिचा निवाडा करणे म्हणजे काय, याचा उत्तम नमुना नऊशे वर्षांपूर्वीचा आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. ‘सिद्धांतशिरोमणी’ हा त्यांचा ग्रंथ ११५०चा. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे त्यांचे गाव, आणि त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. त्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांची दोन उदाहरणे आहेत.

पहिल्यात, कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? समीकरण सोडवले की दोन उत्तरे येतात, १६ आणि ४८. सोळाचा आठवा भाग दोन, त्याचा वर्ग चार, अधिक बारा, सोळा. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग सहा, वर्ग छत्तीस, अधिक बारा, अठ्ठेचाळीस. भास्कराचार्य दोन्ही उत्तरे मान्य करतात. गणिताला उत्तर एकच असते हे त्यांनी गृहीत धरलेले नाही.

दुसऱ्यात, कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जी संख्या येईल तिच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर बसलेले दिसते. येथेही उत्तरे दोन, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, वर्ग एकोणपन्नास, फांदीवरचे एक मिळून पन्नास. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, वर्ग चार, अधिक एक, पाच. समीकरणाची दोन्हींना हरकत नाही. भास्कराचार्य मात्र येथे पाच हे उत्तर नाकारतात, आणि का ते सांगतात : एका माकडातून तीन माकडे वजा करता येत नाहीत, अशा प्रत्यक्ष वस्तूंच्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही.

एकाच ग्रंथात, एकाच प्रकारच्या दोन उदाहरणांत, एकदा दोन्ही उत्तरे ठेवली आहेत आणि एकदा एक टाकले आहे. निर्णय समीकरणाने दिलेला नाही. तो प्रश्नातील शब्दांकडे परत जाऊन घेतलेला आहे. आजचा परीक्षार्थी ऋण उत्तर बहुधा न पाहताच टाकतो. ते आधी काढणे आणि मग कारण देऊन टाकणे यात जो फरक आहे, त्यावर जीमॅटसारख्या परीक्षेचा एक अख्खा प्रश्नप्रकार उभा आहे.

माहिती पुरेशी आहे का?

हा प्रश्नप्रकार म्हणजे ‘डेटा सफिशियन्सी’, अर्थात माहितीची पर्याप्तता. जीमॅटच्या सध्याच्या रचनेत तो ‘डेटा इनसाइट्स’ या विभागात येतो. आपल्याकडे बँकांच्या परीक्षांत आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील सीसॅट पेपरमध्येही अशा धर्तीचे प्रश्न विचारले जातात. येथे उत्तर काढायचे नसते. दिलेली दोन विधाने उत्तर काढायला पुरेशी आहेत का, एवढेच सांगायचे असते. पहिले एकटे पुरते, दुसरे एकटे पुरते, दोन्ही मिळून पुरतात, प्रत्येक स्वतंत्रपणे पुरते, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, असे पर्याय.

एक उदाहरण घेऊ. क्ष ही संख्या य पेक्षा मोठी आहे का? पहिले विधान : क्ष चा वर्ग य च्या वर्गापेक्षा मोठा आहे. दुसरे विधान : क्ष धन आहे.

नवखा विद्यार्थी पहिले विधान पुरेसे ठरवतो. वर्ग मोठा म्हणजे संख्या मोठी. क्ष उणे पाच आणि य दोन घेतल्यास हे ढासळते, कारण २५ हे ४ पेक्षा मोठे आहेत, पण उणे पाच दोनापेक्षा मोठे नाहीत. थोडा सराव झालेला विद्यार्थी हे ओळखतो आणि दुसऱ्या टोकाला जातो. क्ष चे चिन्ह कळले तरी य चे कळलेले नाही, तेव्हा दोन्ही मिळूनही माहिती अपुरी, असा तो निष्कर्ष काढतो. तोही चूक आहे. क्ष धन असेल आणि त्याचा वर्ग य च्या वर्गापेक्षा मोठा असेल, तर य धन असो वा ऋण, क्ष त्याच्यापेक्षा मोठाच ठरतो. य ऋण असल्यास तर प्रश्नच उरत नाही. ‘सगळी चिन्हे कळल्याशिवाय काही सांगता येत नाही’ हे दुसऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या मनातून आणलेले गृहीतक होते. संशयाच्या वेशात आल्यामुळे ते त्याला गृहीतक वाटले नाही, इतकेच.

याच्या नेमके उलट असेही घडते, की माहिती प्रश्नातच असते, पण ती आकड्यांत नसल्यामुळे दिसत नाही. पेन ७ रुपयांना आणि वही ११ रुपयांना मिळते, एकाने दोन्ही मिळून १०० रुपयांची खरेदी केली, वह्या किती? समीकरण एक आणि अज्ञात दोन, म्हणजे उत्तर निघणार नाही, असे शाळेतील नियम सांगतो. पण पेन आणि वह्या अर्ध्या विकत मिळत नाहीत. १०० मधून ११ च्या पटी वजा करत गेल्यास केवळ ४ वह्यांच्या वेळी ७ ने भाग जाणारी ५६ ही संख्या उरते. ४ वह्या आणि ८ पेन हे एकमेव उत्तर आहे. खरेदी १५० रुपयांची असती तर मात्र ६ वह्या व १२ पेन आणि १३ वह्या व १ पेन अशी दोन उत्तरे निघाली असती, आणि माहिती अपुरी ठरली असती. म्हणजे ‘दोन अज्ञातांना दोन समीकरणे लागतात’ हा नियमही तपासून घ्यावा लागतो. रुपये, लिटर, किलोमीटर अपूर्णांकात चालतात. माणसे, बसगाड्या, वह्या चालत नाहीत. प्रश्नातील नामांकडे लक्ष देणे हा गणिताचाच भाग आहे.

आकृतीवर किती विसंबावे

काही गोष्टी गृहीत धरण्याची मुभा परीक्षा स्वतःच देते, आणि ती प्रत्येक परीक्षेत वेगळी असते. सॅटच्या सूचनांत म्हटलेले असते, की अन्यथा नमूद केले नसेल तर आकृत्या प्रमाणात काढलेल्या आहेत. जीआरईच्या सूचना सांगतात, की भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असे नाही; मात्र आलेख आणि निर्देशांक-प्रतलावरील आकृत्या प्रमाणात असतात. तेव्हा सॅटमध्ये डोळ्यांनी ४५ अंशांचा दिसणारा कोन ७० अंशांचा नसेल असा अंदाज बांधता येतो, आणि पर्याय गाळायला तो उपयोगीही पडतो. तीच युक्ती जीआरईमध्ये घात करते. दोन्ही परीक्षांची एकत्र तयारी करणारे विद्यार्थी या ठिकाणी हमखास गोंधळतात. रेषा सरळ दिसत असेल तर ती सरळ आहे आणि बिंदू ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने आहेत, एवढे जीआरईतही मानायला हरकत नसते. लांबी आणि कोन यांचे मात्र मोजमाप डोळ्यांनी करायचे नाही.

‘सर्व संख्या वास्तव आहेत’ हे वाक्यही या सूचनांत असते. ते वाचून बहुतेक जण पुढे जातात. त्याचा अर्थ असा, की अपूर्णांक, शून्य, ऋण संख्या आणि वर्गमूळ दोनसारख्या अपरिमेय संख्या या सगळ्यांना प्रवेश खुला आहे. ज्या प्रश्नात ‘धन पूर्णांक’ असे शब्द येतात, तेथे ते शब्द शोभेसाठी आलेले नसतात. परीक्षकाने बाकीच्यांना जाणूनबुजून बाहेर काढलेले असते.

दीड मिनिटाचा हिशेब

सीसॅटच्या पेपरात दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा, आणि चुकल्यास त्याचा एकतृतीयांश भाग वजा होतो. या पेपरात ३३ टक्के गुण मिळवणे पुरेसे असते, पण तेवढे न मिळाल्यास सामान्य अध्ययनाच्या पेपरात कितीही गुण असले तरी उमेदवार पूर्वपरीक्षेतच बाद होतो. बरोबर आणि चूक यांत ३.३३ गुणांचे अंतर पडते. कॅटमध्ये पर्यायांच्या प्रश्नाला तीन गुण मिळतात आणि चुकल्यास एक जातो. अशा परीक्षेत येत नसलेला प्रश्न सोडून देणे परवडते. येत असलेला प्रश्न आत्मविश्वासाने चुकवणे सर्वात महाग पडते, कारण त्यात वेळही जातो आणि गुणही.

म्हणून उपाय दीड मिनिटात बसणारा हवा. अनुभवी शिक्षक तो साध्या शब्दांत सांगतात. प्रत्येक पायरीला मनाशी विचारावे, ‘हे कोणी सांगितले?’ प्रश्नाने सांगितले, एखाद्या सिद्धांताने सांगितले, की आपणच सांगितले? तिसरे उत्तर आले की थांबावे. अक्षरांच्या गणितात शून्य, एक, अर्धा, उणे एक आणि एखादी मोठी संख्या घालून पाहण्यास वीस सेकंदे लागतात. भूमितीत दिलेल्या अटी पाळून आकृती मुद्दाम वेडीवाकडी काढून पाहावी. काटकोनासारख्या दिसणाऱ्या कोनाला बिघडवूनही अटी टिकत असतील, तर तो काटकोन प्रश्नाचा नव्हे, चित्रकाराचा. उत्तर मिळाल्यावर शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. बसगाड्या विचारल्या होत्या की भागाकार, हे तेथेच कळते.

हे सगळे प्रत्येक प्रश्नाला करत बसणारा विद्यार्थी निम्मा पेपरही संपवणार नाही, हेही खरे. सराव परीक्षा उपयोगी पडतात त्या येथे. चुकलेल्या प्रश्नापुढे योग्य उत्तर लिहून ठेवण्याऐवजी आपण कोणते न दिलेले वाक्य खरे मानले ते लिहून ठेवावे. पंचवीस-तीस प्रश्नांनंतर यादीत तीन-चार वाक्येच पुन्हा पुन्हा येताना दिसतात. कोणाचे शून्य राहते, कोणाला आकृती फसवते, कोणी ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किमान’ यांत गल्लत करतो. मग परीक्षेत सगळीकडे पहारा ठेवावा लागत नाही, आपल्या तीन-चार दारांवर ठेवला तरी भागते.

राहता राहिली १९८२ची अडचण. आलेले उत्तर पर्यायांतच नसेल तर काय करावे? ‘दिलेल्या पर्यायांपैकी एक बरोबर आहे’ हेही एक गृहीतकच, पण परीक्षागृहात ते बहुतांश वेळा खरे असते. म्हणून आधी आपली मांडणी तपासावी, विशेषतः प्रश्नातील शब्दाचा परीक्षकाला कोणता अर्थ अभिप्रेत असेल ते पाहावे. वर्तुळाच्या प्रश्नातही फिरणे म्हणजे दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या संदर्भात फिरणे असा अर्थ घेतल्यास उत्तर तीन येते. दुसऱ्या वाचनातही तिढा सुटला नाही तर पुढच्या प्रश्नाकडे वळावे. जेईई मेन आणि कॅट या परीक्षांनंतर आता तात्पुरती उत्तरतालिका जाहीर होते आणि ठरावीक मुदतीत, शुल्क भरून तिच्यावर आक्षेप नोंदवता येतो. आक्षेप ग्राह्य ठरल्यास उत्तर बदलले जाते किंवा तो प्रश्नच रद्द होतो. तेव्हा ज्या प्रश्नाने अडवले, त्याचा क्रमांक आणि आपला युक्तिवाद घरी पोहोचताच कागदावर उतरवून ठेवावा. मुदत काही दिवसांचीच असते.